मनाली–लेह: भरलेली डिझेल गाडी आणि तिचं इंजिन

अटल बोगदा झाल्यापासून मनाली ते लेह हे अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर उरलं आहे. पण गाडी मनालीच्या 2,050 मीटरवरून 5,328 मीटरच्या टांगलांग ला या खिंडीपर्यंत चढते आणि मगच 3,500 मीटरवरच्या लेहला उतरते. पाच माणसं, टपावर सामान आणि मागे डिझेलचा कॅन अशी टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असलेली डिझेल गाडी डोळ्यांसमोर ठेवून हा वृत्तांत लिहिला आहे. या रस्त्यावर पिस्टन किंवा क्रँक सहसा दगा देत नाहीत. गाडी बंद पाडतात ते रेडिएटरची कॅप, होस पाइपची क्लिप, फिल्टरच्या डब्याचं रबर असे किरकोळ भाग, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी नेमकं त्यांच्याकडेच कोणी बघत नाही.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. किमान पाचशे किलोमीटर आधी करा, म्हणजे सैल राहिलेला ऑइल फिल्टर किंवा संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) प्लगचा जुनाच लावलेला वॉशर घराजवळच गळायला लागेल. प्लगचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा हवा, तसं सांगूनच घ्या. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत मॅन्युअलमध्ये लिहिलेलं लो-अ‍ॅश ऑइलच घाला. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती जळून जात नाही. त्याच ग्रेडचं एक लिटर सोबत ठेवा. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण तेवढाच फरक असतो.

आता कॅपबद्दल सविस्तर. टांगलांग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी तिथे 82-83 अंशांनाच उकळतं. इंजिनाचा थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडायला लागतो तोही साधारण 82 ते 88 अंशांना. म्हणजे कूलिंग सिस्टिम हवाबंद आणि दाबाखाली नसती, तर इंजिन नेहमीच्या तापमानाला येताच कूलंट उकळला असता. तो उकळत नाही, कारण कॅपची स्प्रिंग आत साधारण 1.1 बार जादा दाब धरून ठेवते. अर्धं पाणी आणि अर्धं कूलंट असेल, तर त्या दाबाला उकळबिंदू एवढ्या उंचीवरही 120 अंशांच्या आसपास राहतो. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबरी सील कडक झालं की हा सगळा बचाव संपतो. सखल भागात अशी कॅप वर्षभर तक्रार न करता चालते, आणि बारालाचा ला चढताना कूलंट बाहेर फेकते. कॅप पाच वर्षांहून जुनी असेल तर तपासत बसू नका, त्याच दाबाची नवी लावा. दाबाचा आकडा कॅपवरच छापलेला असतो. होस पाइप इंजिन थंड असताना दाबून बघा. आतून करकर आवाज आला किंवा क्लिपजवळ पाइप फुगीर लागला तर तो बदला.

कूलंटमध्ये नुसतं पाणी वाढवत राहण्याची सवय इथे महागात पडते. पन्नास टक्के मिश्रण उणे 35 अंशांच्याही खाली टिकतं. ते पातळ झालं तर सप्टेंबरअखेरीस वाटेतल्या सरचूच्या मुक्कामी रात्री गोठायची भीती असते. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत किडे आणि गवत अडकून बसतं. ते कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर असं धुऊन काढा. जोरदार फवाऱ्याने पट्ट्या वाकतात.

मनालीहून पहाटे निघा. त्याचं कारण झिंगझिंगबारच्या आसपासचे नाले. ते बर्फ वितळून येतात, सकाळी गुडघ्याखाली असतात आणि दुपारनंतर चढतात. पाण्यात पहिल्या गिअरमध्ये, दीड-दोन हजार आरपीएमवर, मध्ये क्लच न दाबता एकसारखी गाडी चालवा. इंजिन हवा कुठून ओढतं ती जागा बॉनेट उघडून आधीच बघून ठेवा, बऱ्याच गाड्यांत ती हेडलाइटच्या मागे असते. पाणी तिथपर्यंत येणार असेल तर थांबा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा आणि आधी एअर फिल्टर बघा. तो ओला असेल तर इंजिन फिरवायचंच नाही.

तांडीच्या पंपावर टाकी गच्च भरा. पुढे 365 किलोमीटर पंप नाही, असा तिथला फलक प्रसिद्ध आहे. खालच्या गिअरमुळे खप वाढतो, म्हणून नेहमीच्या मायलेजमधून चौथा हिस्सा वजा करून हिशेब करा. कॅन काठोकाठ भरू नका, कारण उंचीवर आतली हवा आणि वाफ फुगते आणि झाकणाशी गळती सुरू होते. डिझेल ओतताना जाळीचं नरसाळं वापरा. कॉमन रेल इंजेक्टर दीड-दोन हजार बारच्या दाबावर काम करतात, त्यात पाण्याचा थेंब किंवा कचरा चालत नाही. डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असेल तर निघण्याआधीच त्यातलं पाणी काढा.

बारालाचा (सुमारे 4,890 मीटर) चढताना टर्बो असूनही गाडीचा दम कमी झालेला जाणवतो. विरळ हवा भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरतो, पण 1,800 आरपीएमच्या खाली त्याला तेवढा एक्झॉस्टच मिळत नाही. म्हणून वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून रेटू नका. एक गिअर खाली घ्या आणि आरपीएम दोन ते अडीच हजारांत ठेवा. टर्बो नसलेली पेट्रोल गाडी दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावते. ती तीन हजारांच्या वर फिरू द्या, त्यात तिचं काही बिघडत नाही.

तापमानाचा काटा सरकू लागला तर आधी एसी बंद, मग हीटर फुल गरम आणि ब्लोअर पूर्ण वेगाने. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. तरीही काटा उतरत नसेल तर गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवा आणि इंजिन आयडलवर चालू राहू द्या, कारण लगेच बंद केलं तर पंप थांबतो आणि उष्णता हेडमध्येच अडकते. मात्र कूलंट बाहेर पडत असेल किंवा काटा लाल पट्ट्यात असेल तर ताबडतोब बंद करा. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. लांब चढ संपल्यावर थांबताना एक मिनिट आयडलवर ठेवून मगच किल्ली फिरवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच करपतं.

सरचूला (4,290 मीटर) मुक्काम असेल तर सकाळचा स्टार्ट ही खरी परीक्षा. हवा थंड आणि विरळ असल्याने दाबूनही सिलिंडर पुरेसा तापत नाही. ग्लो प्लगचा (स्टार्टआधी सिलिंडर गरम करणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्या, किल्ली बंद करा, पुन्हा फिरवून दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच स्टार्टर मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. सुरुवातीचा पांढरा धूर काही मिनिटांत जायला हवा. चढावरचा काळा धूर हवेची कमतरता दाखवतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तेव्हा लगेच पातळी बघा.

पुढे गाटा लूप्सची 21 वळणं क्लचची आहेत. पुढच्या ट्रकमागे हाफ क्लचवर लटकत राहिलात तर पाच मिनिटांत करपट वास येतो. मोकळी जागा बघून मागेच थांबा, ट्रक दोन वळणं पुढे जाऊ द्या आणि मग एका दमात चढा. वास आलाच तर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून वीस मिनिटं थांबा.

पांगच्या आधी आणि कामं चालू असलेल्या पट्ट्यांत धूळ इतकी असते की फिल्टर एका दिवसात राखाडी होतो. नवा फिल्टर सोबत ठेवा. जुना झटकायचाच असेल तर हवा स्वच्छ बाजूने, आतून बाहेर, कमी दाबाने मारा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. डब्याच्या स्वच्छ बाजूला पाइपमध्ये बोट फिरवून बघा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर कितीही नवा असला तरी सील नीट बसलेलं नाही, आणि ती धूळ टर्बोच्या पंख्यावरून थेट पिस्टनच्या रिंगांपर्यंत जाते. क्लिपा उघडून फिल्टर पुन्हा बसवा.

पांगच्या वरची मोरे मैदानं म्हणजे सुमारे 40 किलोमीटरचा सपाट रस्ता. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलवाल्यांनी तो नुसता फोटोंत घालवू नये. आधीचा सगळा रस्ता कमी वेगाचा आणि आयडलचा, त्यात डीपीएफ काजळीने भरतो. इथे रस्ता आणि रहदारी पाहून, चौथ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या वर, साठच्या आसपास वेगाने पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालवलं की ती जळून जायला संधी मिळते. आयडल आरपीएम वाढलेला असेल, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत असेल आणि गरम वास येत असेल, तर रीजनरेशन (ही काजळी जाळण्याची क्रिया) चालू होतं असं समजा. ते पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलं तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून रोज सकाळी सपाट जागी डिपस्टिक बघताना पातळी कमी झालीय का याबरोबर वाढलीय का हेही बघा. वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर लेहला पोहोचताच ऑइल बदला. अ‍ॅडब्लू (एक्झॉस्ट स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) उणे 11 अंशांना गोठतं, त्याचा कॅन रात्री गाडीबाहेर ठेवू नका. त्याची टाकी पूर्ण संपली की बऱ्याच गाड्या पुन्हा स्टार्टच होत नाहीत.

टांगलांग लावरून रुमत्सेकडे उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनालाच गाडी धरू द्या. भरलेली गाडी ब्रेकवर उतरवली, तर जुनं डॉट-4 ब्रेक ऑइल, जे नवं असताना 230 अंश सोसतं, ते ओलावा धरल्यावर 155 च्या आसपासच उकळतं आणि पेडल पोकळ होतं.

लेहला पोहोचल्यावर संप गार्डचे बोल्ट हाताने हलवून बघा, खडबडीत रस्त्यावर ते ढिले होतात. संपला दगडाचा मार बसलाय का, प्लगभोवती ओल आहे का, बेल्टवर चिखल वाळलाय का, तेही बघा. परतल्यावर सर्व्हिसला किती किलोमीटर उरलेत ते मोजत बसू नका. ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर लगेच बदला, आणि स्कॅनर लावून डीपीएफमध्ये काजळी किती साठली आहे ते विचारून घ्या.