सेंट मार्टिनला परत उतरलो

बुधवार, १७ जानेवारी २०१८
क्रू केबिन, रात्री उशिरा

आज शेवटी कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर उतरायला मिळालं. जहाज परत इथे यायला लागून बरेच दिवस झाले पण माझं दरवेळी काहीतरी नडायचंच, कधी आयपीएम लागायची (म्हणजे पोर्टला असताना जहाजावरच थांबायची पाळी, ठराविक क्रू आत असायलाच लागतो), कधी सेफ्टी ट्रेनिंग, कधी नुसती झोप. आज गेस्ट सगळे सकाळीच बाहेर पडले, केबिनी पटापट उरकल्या, सुपरवायझरचा मूड पण बरा होता, म्हटलं आता नाही गेलो तर साइन ऑफच होईल (कॉन्ट्रॅक्ट संपून घरी) आणि राहून जाईल.

इर्मा चक्रीवादळाच्या आधी हे आमचं लाडकं पोर्ट होतं. गेस्टसाठी बीच आणि ड्युटी फ्री, आमच्यासाठी फुकटचं वायफाय, स्वस्त बियर, आणि फ्रंट स्ट्रीटवर, म्हणजे दुकानांच्या रस्त्यावर, हिंदीत घासाघीस. वर्षाला पंधरा लाखांहून जास्त लोक नुसते क्रूझने यायचे इथे, आणि बेट केवढं, तर दोन्ही बाजू मिळून ८७ चौरस किलोमीटर. दोन्ही बाजू म्हणजे दक्षिणेला डच, उत्तरेला फ्रेंच, १६४८ पासून वाटणी झालेली आणि मधे साधं फाटक पण नाही. आमचं जहाज लागतं ते डच बाजूला, फिलिप्सबर्गला.

गेल्या ६ सप्टेंबरला सकाळी इर्माचा डोळा बरोब्बर या बेटावरून गेला. कॅटेगरी फाइव्ह, म्हणजे सगळ्यात वरची, ताशी २८५ किलोमीटरच्या आसपास वारं. आदल्या रात्री शेजारच्या बार्बुडा बेटाची वाट लावली आणि मग इथे. आम्ही तेव्हा मेक्सिकोच्या बाजूला पळालो होतो. जहाजाचं बरं असतं, वादळ दिसलं की तोंड फिरवायचं आणि निघायचं, बेटाने कुठे जायचं. मग ते फ्लोरिडाकडे सरकलं तेव्हा आमचं होम पोर्टच बंद, अर्ध्या गेस्टची घरं तिकडे, लोक लॉबीतल्या टीव्हीसमोरून हलेनात. नंतर सगळा रूटच वेस्टर्न कॅरिबियनचा झाला, कोझुमेल, जमैका, ग्रँड केमन. सेंट मार्टिन फक्त क्रू मेसच्या टीव्हीवर दिसायचं. वरून घेतलेले फोटो, डोंगर एकदम तपकिरी, मला वाटलं आग लागली की काय, तर नाही, वाऱ्याने झाडांची पानंच ओरबाडून नेली होती.

आज धक्क्यावर उतरलो तर समोर सगळं चकाचक. रंग नवीन, कुंड्यांत झाडं, टॅक्सीवाल्या बायका टेबल मांडून बसलेल्या, आमच्या शेजारी अजून दोन जहाजं. डोंगर पण हिरवे झालेत, चार महिन्यांत. फक्त नारळ-ताड अजून तसेच उभे, शेंडे गेलेले, नुसते खांब. बोर्डवॉकवर खुर्च्या लागल्यात, दोन खुर्च्या, एक छत्री आणि बियरची बादली असलं पॅकेज ओरडून विकतायत. आमच्या जहाजातले गेस्ट लाल होऊन पडलेले दिसले, एकाने हात पण केला मला. मी मनात म्हटलं, चला, आहे सगळं जिथल्या तिथे.

मग फ्रंट स्ट्रीट ओलांडून मागे बॅक स्ट्रीटला गेलो आणि तिथून अजून आत, तळ्याकडे. तिथे चित्रच वेगळं. छपरांवर निळी ताडपत्री, काहींना तीही नाही, खिडक्यांना प्लायवूड, रस्त्याच्या कडेला पत्र्यांचे चुरगळलेले ढीग, गाड्यांचे सांगाडे. ग्रेट सॉल्ट पाँड म्हणून मोठं तळं आहे गावामागे, एकेकाळी तिथे मीठ काढायचे, आता त्याच्या मधोमध डम्पिंग ग्राउंड आहे, आणि अख्ख्या बेटावरचं मोडलेलं सामान तिथेच नेऊन ओतलंय. ते धुमसतं. वारा फिरला की प्लास्टिक जळल्याचा वास थेट घरात येतो.

मला काही धक्का वगैरे बसला नाही हे पाहून, खरं सांगायचं तर ओळखीचंच वाटलं. आमच्या जहाजावर गेस्ट एरियात कार्पेट, पितळेचे कठडे, फुलं, आणि 'क्रू ओन्ली' लिहिलेलं दार ढकललं की आय नाइन्टी फाइव्ह, आमचा तो लांबलचक लोखंडी कॉरिडॉर, पांढऱ्या ट्यूबलाइट, ढकलगाड्या, कचरा वेगळा करणारी पोरं. एखाद्या गेस्टच्या केबिनमधला दिवा गेला तर वीस मिनिटांत माणूस येतो, आमच्या केबिनचा नळ दोन आठवडे गळतोय. पैसे ज्याच्याकडून येतात त्याला दिसणारी बाजू आधी दुरुस्त होते. सेंट मार्टिनने तेच केलंय आणि मला तरी त्यात काही चूक दिसत नाही. आधी लोकांची छपरं घातली असती आणि धक्का मोडका ठेवला असता तर जहाजं आली नसती, आणि जहाजं नाहीत तर छपराला पैसे कुठून.

कारण दुसरं काही नाहीच इथे. शेती नाही, कारखाने नाहीत, पिण्याचं पाणी सुद्धा समुद्राचं खारं काढून करतात. मोठी हॉटेलं बहुतेक बंद पडलीत, इन्शुरन्सच्या पैशाची वाट बघत, तिथली माणसं घरी बसलेली. एअरपोर्टचं टर्मिनल आतून गेलंय, विमानं उतरतात पण पॅसेंजरची सोय तंबूत. हॉटेलात आठवडाभर राहणारा माणूस जेवतो, गाडी भाड्याने घेतो, चार ठिकाणी टिप देतो. तो सध्या येऊ शकत नाही. राहिलो आम्ही. जहाजवाल्यांना बेटाची खाट नको, वीज नको, पाणी नको, आम्ही सगळं बरोबर घेऊन फिरतो, म्हणून आम्ही सगळ्यात आधी परत येऊ शकलो. पण आम्ही सकाळी येतो नि संध्याकाळी जातो, जेवण जहाजात फुकट म्हणून लोक दुपारी वर येऊन जेवतात आणि परत खाली जातात, हे मी रोज बघतो. एक बियर, एक टीशर्ट, झालं.

फ्रंट स्ट्रीटवर परत आलो तर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून हाक आली, "क्या भाऊ, क्रू? डिस्काउंट देता हूं." भाऊ म्हणाला म्हणून थांबलो. पोरगा उल्हासनगरचा निघाला. या रस्त्यावरची सोन्याची आणि कॅमेऱ्याची दुकानं बरीचशी सिंधी लोकांची आहेत, आणि सेल्समन पण तिकडूनच आणतात. हा कल्याणला कॉलेज केलेला, मराठी बऱ्यापैकी, मी रत्नागिरीचा म्हटल्यावर थेट मराठीवरच आला आणि पाच मिनिटांत तुम्हीवरून तूवर. गिऱ्हाईक नव्हतंच दुकानात. अर्धं शोकेस नवीन काचेचं, उरलेल्या अर्ध्याला अजून प्लाय मारलेलं. वादळानंतर दुकानं लुटली ना, इथे पण लुटलं. "घड्याळं सगळी गेली, पण डबे ठेवून गेले," म्हणाला, आणि काउंटरखालून एक रिकामा डबा काढून दाखवला, आत ती घड्याळ गुंडाळायची मखमली उशी तेवढी. सेठने सांगितलंय फेकू नको, माल आला की लागतील.

वादळाच्या रात्रीचं मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. चौघं जण एका खोलीत राहायचे. पहाटे छप्पर हलायला लागलं तसे चौघंही बाथरूममधे, कारण तेवढाच भाग काँक्रीटचा, दाराला गादी लावली आणि पाठीने रेटून बसले. कान दुखायला लागले म्हणे, विमान खाली येताना होतं तसे दडे, पण कितीतरी जास्त, हवेचा दाबच एवढा उतरतो. मग एकदम शांत. डोळा आला. बाहेर येऊन बघतात तर खोलीला छप्पर नाही आणि वर स्वच्छ आकाश. एक जण व्हिडिओ काढायला रस्त्यावर निघाला त्याला शेजारच्या म्हाताऱ्या बाईने ओरडून आत पाठवला, तिने १९९५ चं लुईस चक्रीवादळ बघितलेलं. तिला माहीत होतं की डोळ्यानंतर वारं उलट्या दिशेने येतं, आणि आधीच खिळखिळी झालेली भिंत त्या दुसऱ्या फेरीत पडते. तसंच झालं. त्यांच्या खोलीची मागची भिंत डोळा गेल्यावर पडली. मग कर्फ्यू, वीज नाही, नेटवर्क नाही, घरी आईला कळवायलाच कितीतरी दिवस. पाणी मात्र होतं, कारण इथल्या घरांखाली पावसाच्या पाण्याचा हौद असतो, बादलीला दोरी बांधून काढायचे. एवढं सगळं सांगितलं आणि लगेच, "तुला पॉवर बँक पाहिजे का? क्रू प्राइस." घेतली. गरज नव्हती. घासाघीस केली पण, नाही केली असती तर त्याला वाईट वाटलं असतं.

आमच्याकडे कोकणात २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा मी शाळेत होतो. कौलं उडाली होती आमच्या पडवीची. बाबा सगळं झाल्यावर आधी गोठ्याकडे गेले हे आठवतंय, घराकडे बघितलंच नाही. फयान आणि इर्मा यांची बरोबरी होऊच शकत नाही, वाऱ्याचा वेगच केवढा वेगळा, पण नंतर तलाठी पंचनामा करायला येईपर्यंत पडलेलं काही हलवायचं नाही हे जे असतं ना, ते इथे पण तसंच चाललंय. फक्त तलाठ्याच्या जागी इन्शुरन्सचा माणूस.

वेळ होता म्हणून दोन डॉलरची व्हॅन पकडली सिंप्सन बेपर्यंत. चालवणारी बाई पन्नाशीची, रेडिओ मोठा, सगळ्यांना नावाने हाक. कोल बेचा चढ उतरला की लगून (समुद्राला लागून असलेलं खाऱ्या पाण्याचं तळं) दिसतं, आधी तिथे पांढऱ्या बोटी नि याटच याट असायच्या. वादळ येणार म्हणून आजूबाजूचे लोक मुद्दाम बोटी इथे आणून बांधतात, आत सुरक्षित म्हणून. आता पाण्यातून तिरक्या डोलकाठ्या वर आलेल्या, काही बोटी एकमेकींवर चढलेल्या, एक तर पार रस्त्याकडेला आडवी, तिच्यावर कोणीतरी कपडे वाळत घातलेले. मी फोन काढला तर बाई आरशातून बघून म्हणाली, बोटीचा काढतोस तर उतरल्यावर बीचचा पण काढ, तुझ्या जहाजावरच्यांना दाखव, नाहीतर त्यांना वाटेल आम्ही बुडालो. रागाने नाही, व्यवहाराने म्हणाली. मग तिनेच पुढचं राजकारण सांगितलं, नेदरलँड्सने ५५ कोटी युरो द्यायचे म्हटलंय पण अटी घालून, भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणारी संस्था हवी आणि सीमेवर त्यांची तपासणी, त्यावरून वाद, नोव्हेंबरात डच बाजूचे पंतप्रधान विल्यम मार्लिन यांचं सरकारच गेलं, आता पुढच्या महिन्यात निवडणूक. मागे बसलेला एक जण म्हणाला अटी बरोबर आहेत, नाहीतर पैसा कुठे जाईल आपल्याला माहीतच आहे. दुसरा म्हणाला मदत करताना अटी कसल्या. व्हॅनमधे चांगलंच जुंपलं, बाईने रेडिओ अजून मोठा केला.

उतरलो, बीचचा फोटो काढला. बीच खरंच सुंदर आहे अजून, पाण्याचा तो रंग आमच्याकडे नाही मिळत. एका गाडीवर जॉनी केक (तळलेला पाव) आणि खारवलेला मासा खाल्ला, गरम, तिखट सॉस घालून, आणि टिप जरा जास्तच ठेवली. पगार डॉलरमधे असला तरी मी काय श्रीमंत माणूस नाही पण इथे उतरून उसासे टाकत फिरण्यापेक्षा खाऊन जाणं बरं. पडक्या घरासमोर उभं राहून 'अरेरे' करणारे गेस्ट पण बघितले आज, पाण्याची बाटली सुद्धा जहाजावरून आणलेली.

साडेचारला परत आत. संध्याकाळी बेड लावायला एका केबिनमधे गेलो, वयस्कर जोडपं, चांगली माणसं आहेत, दिवसभर उतरलीच नाहीत. आजी म्हणाल्या, आम्हाला कसंतरीच वाटतं रे, त्यांचं एवढं नुकसान झालंय आणि आपण तिथे मजा करायची, शोभत नाही. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी टॉवेलचा हत्ती करता करता त्यांना सांगितलं की खालच्या लोकांना तुमची मजाच पाहिजे आहे, बोर्डवॉकवर खुर्ची भाड्याने घ्या, काही करू नका, नुसत्या बसा. उल्हासनगरवाल्याचं दुकान पण सांगितलं. आजोबा म्हणाले पुढच्या खेपेला, पण या लोकांची पुढची खेप कधी ते त्यांनाच ठाऊक.

आत्ता नोटीस बोर्ड बघून आलो, पुढच्या सेंट मार्टिनला माझी परत आयपीएम. लाँड्रीतल्या एका गोव्याच्या पोराशी बदली होईल बहुतेक, पण तो त्याबदल्यात दोन मागतो, भाव माहीत आहे त्याला. बघू. फ्रेंच बाजूला मारिगोला जायचं राहिलंय, तिकडे याहून जास्त पडझड आहे म्हणतात, आणि खाणं याहून चांगलं.