सरवा वेचणाऱ्या बायका आणि आमचा शास्त्राभ्यास

आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोजून चौदा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनने अकोला, खामगाव, अमरावती या बाजूला ज्या मंडळ्या (चर्च) उभ्या केल्या, त्यांतल्याच एका मंडळीचा हा लहानसा फाटा. पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, तीन गावे सांभाळावी लागतात, त्यामुळे आमच्या वाट्याला महिन्यातले दोनच रविवार येतात. त्या दिवशी बायका चटया अंथरतात, गीते म्हणतात, चहा करतात आणि संदेश ऐकून घरी जातात. पण ऐकलेल्यातले काय कळले आणि काय पटले नाही, हे बोलायला त्यांना कुठेच जागा नव्हती. तशी जागा असावी म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी माझ्याच घरी, दर गुरुवारी दुपारी, स्त्रियांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, सुरू केला.

सुरुवात मी मास्तरकीच्या थाटात केली, हे कबूल केले पाहिजे. गावातल्या बचत गटाची शिस्त डोळ्यांसमोर होती, म्हणून हजेरीची वही घातली आणि न सांगता गैरहजर राहिल्यास पाच रुपये दंडही ठरवला. प्रत्येकीने पाळीपाळीने एकेक वचन वाचायचे, मग मी अर्थ सांगायचा, अशी पद्धत होती. तिसऱ्या गुरुवारी एका वयस्क मावशींची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "चष्मा इसरली बाई." पुढच्या आठवड्यातही चष्मा विसरला होता आणि त्यानंतर त्या आल्याच नाहीत. त्यांच्या सुनेकडून समजले, की त्यांच्याकडे चष्मा कधी नव्हताच आणि त्यांना अक्षरओळखही नाही. तीस वर्षे पहिलीच्या मुलांना मुळाक्षरे शिकवलेल्या बाईला हे ओळखता येऊ नये, याची लाज मला अजून वाटते. त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या अंगणात चुलीसाठी पऱ्हाट्या मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या शाळेत माह्यं नाव नोका घालू आता."

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळत संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि 1922 मध्ये मृत्यूच्या आधी ते काम पुरे केले. कमी शिकलेल्या बायकांनाही ते कळावे, हा त्यांचा ध्यास होता. ही हकिगत मी कितीतरी कार्यक्रमांत सांगितली होती. माझ्या स्वतःच्या ओसरीवर मात्र ती मला आठवली नाही.

त्या दिवसापासून वही आणि दंड दोन्ही बंद केले. आता उतारा मी एकटीच वाचते, सावकाश, आणि दोनदा. त्यानंतर कोणीतरी एक बाई तो आपल्या शब्दांत सांगते, राहिलेले इतर जणी भरून काढतात, आणि सर्वांत कठीण भाग असा, की तोवर मी गप्प बसते. ज्यांच्या घरी मोबाइल आहे त्या ध्वनिमुद्रित बायबल ऐकून येतात आणि अनेकदा माझ्यापेक्षा अचूक सांगतात.

या पद्धतीने आम्ही पहिल्यांदा बायबलमधले रूथचे पुस्तक घेतले, परमुलखात आलेल्या एका गरीब विधवेची ही गोष्ट. ते अवघ्या चार अध्यायांचे आहे, म्हणून चार आठवड्यांत संपेल असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात अकरा आठवडे लागले. कारण दुसऱ्या अध्यायात रूथ बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसे, वेचायला जाते, आणि मराठी बायबलमध्ये 'सरवा' हाच शब्द आहे. सोयाबीन किंवा हरभरा काढून झाल्यावर रानात पडलेले दाणे आणि शेंगा वेचून आणण्यात आमच्यातल्या निम्म्या जणींची उमर गेली आहे. मी बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातली आज्ञा वाचून दाखवली, की शेताचे कोपरे कापू नयेत आणि पडलेला सरवा गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राहू द्यावा. त्यावर एक जण म्हणाली, की आमच्याकडे तर मालक आधी रानात जनावरे सोडतो. बवाज आपल्या गड्यांना रूथला हात न लावण्याची ताकीद देतो, हे वचन मी इतकी वर्षे त्याच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून वाचत आले होते. पुन्हा येऊ लागलेल्या मावशी मात्र म्हणाल्या, "सांगा लागलं म्हंजे हात लावत असतीन." बराच वेळ कोणी बोलले नाही. पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम ओढून तिच्यासाठी टाका, हे बवाजाचे सांगणे (2:16) त्यांना सर्वांत आवडले. त्यांच्या मते ती खरी मदत होती, कारण रूथला मागावेही लागले नाही आणि कोणापुढे लाजावेही लागले नाही. संध्याकाळपर्यंत तिने एफाभर सातू झोडून काढला. एफा म्हणजे साधारण 22 लिटरचे माप, असे मी सांगताच बायकांनी तेरा-चौदा किलोंचा अंदाज बांधला आणि एवढे ओझे तिने कसे नेले असेल, यावर चर्चा रंगली.

अडचणी आल्या त्या वेगळ्याच ठिकाणी. पाळीपाळीने घरे बदलून बसू लागलो, तेव्हा एकीने पोहे केले, दुसरीने भजी, तिसरीने शिरा, आणि चौथी आजारी पडली. तिच्या घरी रवा-तेलाची सोय नव्हती, एवढेच तिचे दुखणे होते. तेव्हापासून फक्त चहा. त्याहून वाईट म्हणजे, एकीने नवऱ्याच्या दारूसाठी प्रार्थनेची विनंती केली आणि ती दोन दिवसांत पाणवठ्यावर पोहोचली. कोणी नेली ते मी शोधले नाही, पण महिनाभर प्रार्थनेत कोणी पावसापलीकडे काही मागितले नाही. तो विश्वास परत यायला रूथचे अख्खे पुस्तक लागले.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची वेळ जमत नाही. किलोवर मजुरी असताना कोणी दोन तास सोडणार नाही. तेव्हा आम्ही रात्री आठला बसतो, आणि दमलेल्या बायकांना डुलकी लागली तरी कोणी उठवत नाही.

पुढे काय घ्यायचे, हे या उन्हाळ्यात मावशींनी ठरवले: बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या बाईची गोष्ट, मार्कच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) पाचव्या अध्यायातली. मी वाचायला लागण्याआधीच त्यांनी विचारले, "डॉक्टरायनं तिचा किती पैसा खाल्ला, ते लिवलं हाय काय?" मी सव्विसावे वचन वाचले: जवळ होते नव्हते ते सगळे खर्च झाले, गुण आला नाहीच, उलट दुखणे वाढले. मग एकीने मोठ्या दवाखान्याच्या चकरांत विकलेली पोत सांगितली, दुसरीने गहाण पडलेले वावर, आणि चार वाजता बायका उठल्या तेव्हा आम्ही त्या वचनाच्या पुढे सरकलो नव्हतो.