धक्क्यावरची वीज

मिरजेत मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणाऱ्या माझ्या चुलतभावासाठी, म्हणजे दादासाठी, या सुट्टीत मी इंग्लंडहून आमच्या बोटीच्या वीजकेबलचा एक जळका प्लग घेऊन आलो. निळ्या रंगाचा, तीन गोल पिनांचा तो प्लग हातात धरल्यावर जड लागतो, आणि त्याची एक पिन काळी पडून तिच्या बुडाशी असलेले प्लास्टिक वितळले होते. सामानाच्या तपासणीत कोणी विचारले असते, तर काय उत्तर द्यावे हे मला सुचले नसते.

तिकडे आम्ही ग्रँड युनियन कालव्यावर एका पोलादी नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यासाठी बांधलेल्या अरुंद बोटीत, राहतो. बोटीची रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच आहे, त्यामुळे सांगलीच्या घरातला झोपाळा तिच्यात आडवा बसणार नाही. प्रवासात दिवे आणि पंप बॅटरीवर चालतात. मात्र हिवाळ्यात बोट मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या जागी, बांधली की धक्क्यावरच्या कमरेएवढ्या खांबातून केबल ओढून वीज घ्यावी लागते. तिला शोअर पॉवर म्हणतात. आपल्यासारखेच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असल्यामुळे मी आधी ही गोष्ट फार सोपी समजलो होतो. अमेरिकेतल्या धक्क्यांवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि पिळून बसवायचे ३० अँपियरचे प्लग असतात. तिथला संसार वेगळा.

आमच्या खांबावर १६ आणि ३२ अँपियरची सॉकेट शेजारीशेजारी होती. १६ अँपियर म्हणजे सुमारे ३,७०० वॉट. दोन हजार वॉटचा हीटर, हजार वॉटचा पाणी तापवण्याचा कॉइल आणि बॅटरीचा चार्जर चालू असताना मी चहासाठी तीन हजार वॉटची किटली लावली की खांबातला ब्रेकर पडत असे, आणि तो उचलायला स्वेटरवर कोट चढवून दव गोठलेल्या फळ्यांवरून जावे लागे. साहजिकच ३२ अँपियरच्या सॉकेटकडे माझे लक्ष गेले. दोन्ही प्लग आकाराने वेगळे असल्याने एकमेकांत बसत नाहीत, परंतु मध्ये लावायचा अ‍ॅडॉप्टर बाजारात मिळतो. तो मी जवळजवळ घेतलाच होता. माझी केबल होती २.५ स्क्वेअर एमएमची, म्हणजे १६ अँपियरपुरत्या जाडीची, आणि तिचे रक्षण करायला खांबात ३२ अँपियरचा ब्रेकर राहिला असता, म्हणजे केबल तापून मऊ झाली तरी ब्रेकर स्वस्थ बसला असता. जादा केबल गुंडाळून ठेवली, तर वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि ती आणखी तापते. शेवटी आम्ही १६ अँपियरवरच राहिलो आणि किटली लावण्याआधी हीटर बंद करण्याची शिस्त लावून घेतली.

दादाला मात्र अँपियरच्या हिशेबापेक्षा अर्थिंगची गोष्ट जास्त रुचली. धक्क्याला बांधलेल्या पोलादी बोटींचे सांगाडे केबलमधल्या अर्थिंगच्या तारेने एकमेकांना आणि किनाऱ्याला जोडले जातात. वेगवेगळे धातू, मध्ये पाणी आणि वरून तार, असा तो आयताच मोठा सेल तयार होतो. त्यातून एकाच दिशेने वाहणारा बारीकसा डीसी प्रवाह आधी बोटीऐवजी स्वतः झिजावेत म्हणून गोड्या पाण्यासाठी लावलेले मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड खातो आणि ते संपले की बोटीच्या पत्र्याला खड्डे पाडू लागतो.

"मग अर्थिंगच काढून टाक की," दादा म्हणाला.

हा सल्ला धक्क्यावरही मिळतो, आणि तो जीवघेणा आहे. बोटीतल्या एखाद्या उपकरणाची फेज सांगाड्याला लागली, तर अर्थिंगअभावी सगळी बोटच जिवंत होते. गोड्या पाण्यात धोका जास्त, कारण माणसाचे शरीर त्या पाण्यापेक्षा चांगले वाहक असते. नदीवरची मोटार चालू असताना कृष्णेत उतरायचे नाही, असे आण्णा आम्हाला लहानपणी बजावत, ते दादाला लगेच आठवले. म्हणून तार न तोडता तिच्यात गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. त्यातले डायोड साधारण सव्वा व्होल्टपर्यंतचा डीसी अडवतात, पण बिघाडाचा मोठा प्रवाह आला की त्याला वाट देतात. त्याहून पक्का उपाय किनाऱ्याची आणि बोटीची वीज वेगळी ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा आहे. तो वजनाने आणि किमतीने आम्हाला झेपला नाही. यांतले काहीही बसवले, तरी जोडीला प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीडी हवाच.

एवढे सगळे करूनही प्लग का जळाला, हे मला उलगडले नव्हते. जास्त लोडमुळे, असे मी धरून चाललो होतो. दादाने प्लग उघडून चष्मा कपाळावर सरकवला आणि जाड अर्थिंगची पिन सोडून उरलेल्या दोन पिनांचे स्क्रू नुसत्या नखाने फिरवून पाहिले. काळ्या पिनेचा फिरला.

"लोड असता तर दोन्ही सारख्याच तापल्या असत्या. हा ढिला होता, आणि ढिला स्क्रू ब्रेकरला दिसत नाही."

केबल लावताना आधी बोटीकडचे टोक आणि मग खांबाकडचे, काढताना उलट, हा क्रम मी तीन हिवाळे काटेकोर पाळला होता. स्क्रू मात्र एकदाही आवळला नव्हता. तारेचे काळे पडलेले टोक चांगले तांबे दिसेपर्यंत कापून टाकायला दादाने सांगितले आहे, आणि तो प्लग आता त्याच्या दुकानात, जळक्या वाइंडिंगच्या शेजारी, खिळ्याला टांगलेला आहे.