पाट्यावर ठेवलेला वरवंटा

खुनाच्या खटल्यात आरोपी "मी मारलेच नाही" म्हणाला की वकिलाची वाट बरीचशी ठरलेली असते. "मारले, पण लेकीला सोडवायला मारले" असे सांगणारी माणसे क्वचितच येतात, आणि त्यांचा बचाव अधिक अवघड असतो, कारण घाव आपल्याच हातचा असल्याचे मान्य करून तो कोणत्या क्षणी आणि कशासाठी घातला हे न्यायालयापुढे उभे करावे लागते. सत्र न्यायालयात एकोणीस वर्षे फौजदारी वकिली केल्यानंतरही त्या मावशींच्या खटल्यातला एक दिवस मला तासातासाने आठवतो.

मावशी पन्नाशी ओलांडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून त्यांचे काम माझ्याकडे आले. लेक नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून चार महिने माहेरी राहत होती. जावई दारू पिऊन दोनदा वस्तीवर येऊन धिंगाणा घालून गेला होता आणि दोन्ही वेळा पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंदीपलीकडे, म्हणजे पोलीस आपणहून तपास करत नाहीत अशा किरकोळ नोंदीपलीकडे, काही झाले नव्हते. तिसऱ्या वेळी तो रात्री आला, लेकीला केसांना धरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेले आणि खाली दाबून तिचा गळा आवळला. मावशींनी पाट्यावरचा वरवंटा उचलून मागून दोन घाव घातले. एक खांद्यावर बसला, दुसरा उजव्या कानामागे. दुसऱ्या दिवशी जावई दवाखान्यात वारला. मावशी स्त्री आहेत हे लक्षात घेऊन त्यांना जामीन मिळाला, पण दोषारोप कलम ३०२ खालीच, म्हणजे खुनाचाच, ठेवला गेला.

घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असल्यामुळे खटला जुन्या भारतीय दंड संहितेखाली चालला. तिच्या कलम ९६ ते १०६ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, आणि नव्या न्याय संहितेत तोच कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. कलम ९७ प्रमाणे तो दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या रक्षणासाठी वापरता येतो, मग ती व्यक्ती लेक असो की रस्त्यावरची अनोळखी बाई. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर कलम १०० प्रमाणे हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत तो पोहोचतो. मात्र कलम १०२ ची मर्यादा फार काटेकोर आहे. हक्क भीतीबरोबर सुरू होतो आणि भीती संपताच संपतो.

सरकारी वकिलांनी नेमके हेच पकडले होते. त्यांचे म्हणणे असे, की पहिल्या घावातच जावई कोसळला, गळा सुटला, आणि दुसरा घाव चार महिन्यांच्या रागापोटी पडलेल्या माणसावर घातला गेला. तसे ठरले असते तर फार तर कलम ३०० चा दुसरा अपवाद, म्हणजे बचाव करताना हक्काची मर्यादा ओलांडल्याची सवलत, मिळून गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर आला असता, पण निर्दोष सुटका झाली नसती.

त्या दिवशी सकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होती. कानामागची जखम वरून खाली गेलेली होती. मृत पावणेसहा फुटांचा आणि मावशी पाच फुटांच्याही आत. मग तो उभा असताना अशी जखम होईल कशी, असा सरकार पक्षाचा मुद्दा होता. मी उलटतपासात विचारले की हा माणूस खाली दाबलेल्या बाईवर वाकून उभा असता तर? "तसेही शक्य आहे," असे डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिले. लेकीच्या गळ्यावर दोन्ही बाजूंना बोटांचे वळ आणि नखांचे ओरखडे असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आधीच निशाणी, म्हणजे पुराव्याचा कागद, म्हणून दाखल झाले होते. तरीही तराजू मध्येच राहिला. डॉक्टरांच्या मते दोन्ही गोष्टी शक्य होत्या, आणि कोणती घडली हे सांगणारी साक्षीदार एकटी लेक होती, जिला "आईची लेक" म्हणून बाजूला सारणे सोपे होते.

दुपारी तपासी अंमलदार पिंजऱ्यात येणार होते. आदल्या रात्री घटनास्थळ पंचनामा पुन्हा वाचताना एका ओळीवर माझी नजर थांबली होती. खरे तर ती दोन वर्षे माझ्यासमोर होती आणि मी ती प्रत्येक वेळी वाचून पुढे गेले होते. ओळ अशी होती: "स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील भिंतीलगत दगडी पाटा असून त्यावर वरवंटा आडवा ठेवलेला दिसून येतो." खुनाचे हत्यार बहुधा फेकलेले, लपवलेले, नाहीतर मृताजवळ पडलेले सापडते. हे आपल्या जागी होते, आणि त्यावर रक्तही होते, म्हणजे धुऊन ठेवलेले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मावशी व्हरांड्यातल्या बाकावर लेकीबरोबर भाकरी खात बसल्या होत्या. मी विचारले, "मावशी, वरवंटा परत पाट्यावर कोणी ठेवला?" त्यांना प्रश्नाचेच नवल वाटले. म्हणाल्या, "म्याच ठिवला की. पहिल्या दणक्याला त्यानं सोडलंच न्हाई बाई, उलट जास्त दाबलं. दुसऱ्याला हात सुटला, पोरगी खोकायला लागली. मग कशाला हातात धरून बसू? जागेवर ठिवला अन् पोरीला पाणी दिलं."

मी त्यांना काही शिकवले नाही, शिकवायचे कारणही नव्हते. माझ्या मते त्या दोन-तीन वाक्यांत कलम १०२ पुरते सामावले होते.

तपासी अंमलदारांना मी तीनच प्रश्न विचारले. वरवंटा पाट्यावर होता का? होता. तुम्ही किंवा पंचांनी तो हलवला होता का? नाही. त्याशेजारी काय होते? त्यांनी पंचनामा पाहून सांगितले, "पाण्याचा तांब्या, अर्धा भरलेला." न्यायाधीशांनी लेखनिकाला ते उत्तर पुन्हा एकदा, शब्दशः लिहायला सांगितले. मृताची आई प्रत्येक तारखेला येऊन शेवटच्या बाकावर बसायची. तिने त्या वेळी मान खाली घातली, हे मला माझ्या जागेवरून दिसले.

युक्तिवादात मी सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ चा विश्वनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा निकाल ठेवला. तिथे पत्नीला जबरदस्तीने ओढून नेणाऱ्या नवऱ्यावर तिच्या भावाने चाकूचा एकच वार केला होता, त्यात नवरा मेला, आणि न्यायालयाने भावाला निर्दोष सोडले. २०१० च्या दर्शन सिंग निकालातले तत्त्वही सांगितले, की जीव धोक्यात असलेल्या माणसाने आपला प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलून करावा अशी अपेक्षा कायदा धरत नाही. शिवाय आरोपीला हा बचाव संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही, तो अधिक संभाव्य असल्याचे दिसले तरी पुरते. जावई येणार हे ठाऊक असताना पोलिसांना का बोलावले नाही, हा सरकार पक्षाचा प्रश्न होता. त्याला माझ्याकडे दोन जुन्या अदखलपात्र नोंदी होत्या, आणि आवळलेल्या गळ्याला चौदा किलोमीटरवरच्या ठाण्याची वाट पाहता येत नाही, एवढेच उत्तर होते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण असे खटले ऐकून लोक मला सहज म्हणतात, "बहिणीवर हात टाकणाऱ्याला संपवलं तर काय चुकलं?" काही वर्षांपूर्वी मी अशा एका भावाचाही खटला लढवला. बहिणीला मारहाण झाल्याचे कळल्यावर तो तासाभराने कोयता घेऊन मेव्हण्याच्या घरी गेला. बहीण तोवर शेजाऱ्यांकडे सुखरूप होती. त्याची माया मावशींच्या मायेपेक्षा तसूभरही कमी नव्हती, पण त्याला जन्मठेप झाली, आणि वकील म्हणून वाईट वाटले तरी निकाल चुकला असे मला म्हणता आले नाही. वाचवण्यासाठी उगारलेला हात आणि शिक्षा द्यायला उगारलेला हात दिसायला सारखेच असतात. मावशींचा हात पहिल्या प्रकारचा होता हे त्या तांब्याने आणि पाट्याने दाखवले, माझ्या वक्तृत्वाने नव्हे.

निकाल सव्वा महिन्याने लागला. न्यायाधीशांनी वरवंट्याच्या जागेचा उल्लेख करून म्हटले, की गळा सुटताच आरोपीने बळाचा वापर थांबवला असे दिसते, म्हणून तिने हक्काची मर्यादा ओलांडली असे म्हणता येत नाही. मावशींना निर्दोष सोडले. लेक रडू लागली. मावशी रडल्या नाहीत.

मृताची आई शेवटच्या बाकावरून उठली आणि कोणाकडेही न पाहता दाराकडे निघाली. मावशींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि ती बाई पायऱ्या उतरून दिसेनाशी होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मी कागदांवर सही घ्यायला थांबले होते, मीही तशीच थांबून राहिले.