काजव्यांच्या फोटोखाली काय लिहायचं?

मे संपत आला की हौशी फोटोग्राफरांच्या ग्रुपवर काजव्यांचे फोटो यायला लागतात. भंडारदरा-घाटघर, पुरुषवाडी, राजमाची, प्रबळमाची. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी लखलखलेली. खाली पंचवीस जण ‘अप्रतिम’ म्हणतात, एखादा नवखा विचारतो, ‘सेटिंग काय होतं?’ आणि उत्तर येतं, ‘३० सेकंद, एफ/२.८, आयएसओ ३२००.’

हे उत्तर खोटं नसतं, पण विचारणाऱ्याच्या काही उपयोगाचं नसतं. ते एका फ्रेमचं, म्हणजे एकदा शटर उघडून मिळालेल्या एका चित्राचं, सेटिंग आहे आणि समोर दिसणारा फोटो बहुतेक वेळा चाळीस-पन्नास फ्रेम एकमेकींवर चढवून (म्हणजे ‘स्टॅक’ करून) तयार केलेला असतो. नवखा पुढच्या शनिवारी जातो, तेच आकडे लावतो, त्याला दहा-बारा ठिपके मिळतात आणि आपला कॅमेराच कमी पडतो असं तो समजून बसतो. काजव्यांचा फोटो कसा घडवला हे सांगितल्याशिवाय त्यावर चर्चाच होऊ शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोखाली निदान एवढं तरी हवं:

‘४२ फ्रेम, प्रत्येकी २० सेकंद, एफ/२, आयएसओ १६००, २४ मिमी फुल फ्रेम. एकूण साधारण १५ मिनिटं. लाइटन मोडमध्ये स्टॅक. झाडाची फ्रेम त्याच जागेवरून संध्याकाळी ७.३५ ला घेतलेली. एक डार्क फ्रेम वजा केली. झाडावर कसलाही प्रकाश टाकला नाही.’

यातला एकेक तुकडा का हवा ते बघू.

आधी ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता). काजव्याचा एक लुकलुकाट सेकंदाच्या काही भागापुरताच असतो. त्यामुळे तो सेन्सरवर किती उजळ उमटणार हे ॲपर्चर, आयएसओ आणि काजव्याचं अंतर यांवर ठरतं. शटर किती वेळ उघडं ठेवलं याचा त्या एका ठिपक्याच्या उजळपणाशी संबंध नसतो. शटर वाढवलं की ठिपक्यांची संख्या वाढते आणि आकाश, गावातले दिवे, लांबच्या रस्त्याचा उजेड हे सगळं वाढतं. म्हणून ‘काजवे फिके आलेत’ या तक्रारीवर ‘अजून थोडं एक्सपोजर दे’ हा सल्ला चुकीचा आहे. समजा कोणी एफ/४, आयएसओ ८००, ३० सेकंद असं घेतलंय. त्याऐवजी एफ/२, आयएसओ १६००, १५ सेकंद केलं, तर काजव्याचा ठिपका आठ पट उजळ होतो आणि पार्श्वभूमी फक्त चार पट. नुसतं शटर दुप्पट केलं, तर पार्श्वभूमी दुप्पट उजळते आणि ठिपका होता तसाच फिका राहतो. आकडे लिहिलेले असतील तर समोरचा हे दोन मिनिटांत सांगू शकतो.

फोकसही लिहावा, कारण अंधारात ऑटोफोकस चालत नाही आणि काजव्यांच्या बऱ्याच फसलेल्या फोटोंचं मूळ तिथेच असतं. दिवसाउजेडी झाडाच्या फांद्यांवर लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस लावायचा, लेन्स मॅन्युअलवर टाकायची आणि फोकसच्या रिंगवर कागदी टेप मारायची. झूम लेन्स असेल तर झूमच्या रिंगवरही. एफ/२ ला फोकस जरासा हलला तरी ठिपक्यांच्या चकत्या होतात. पुढच्या गवतातले काजवे मोठ्या चकत्यांसारखे दिसणं हा दोष नाही, ते स्वाभाविक आहे. पण झाडावरचे काजवेही चकत्या आणि खोडाची सालही मऊ, तर फोकस हललाय. एसी गाडीतून काढलेल्या लेन्सवर दमट हवेत धुकं धरलं असेल तरीही असंच दिसतं, फक्त त्यात प्रत्येक ठिपक्याभोवती वलयही असतं. कॅमेरा बॅगेतच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ दिला की हे टळतं.

आता फ्रेमची संख्या. ट्रायपॉड पक्का रोवून, इंटर्व्हलोमीटरवर (ठरावीक अंतराने आपोआप शटर दाबणाऱ्या सोयीवर) एका सेकंदाचं अंतर ठेवून फ्रेम घ्यायच्या. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास कायम ठेवायचा, रॉ मध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलीत). मग फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या जिम्पमध्ये सगळ्या फ्रेम थरांसारख्या लावून वरच्या प्रत्येक थराला लाइटन मोड द्यायचा. स्टारस्टॅक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच काम एका झटक्यात करतं. लाइटन मोड प्रत्येक जागी सर्वांत उजळ पिक्सेल तेवढा ठेवतो, म्हणून सगळ्या फ्रेममधले काजवे एकत्र दिसतात.

पण नॉईजमधलेही (अंधारातल्या दाणेदार ठिपक्यांमधलेही) सर्वांत उजळ पिक्सेल तोच उचलतो. पन्नास फ्रेमनंतर काळोख काळा राहत नाही, राखाडी आणि डागाळलेला होतो. काजव्यांच्या फोटोंमध्ये मातकट काळा दिसतो त्याचं हे मुख्य कारण. त्यावर उपाय म्हणजे स्टॅक करण्याआधीच सगळ्या रॉ फाइलींवर एकसारखा नॉईज रिडक्शन लावायचा, ब्लॅक्स (सर्वांत गडद भाग) खाली ओढायचे, आणि झाड-जमीन-आकाश यासाठी संध्याकाळच्या निळ्या उजेडातली वेगळी फ्रेम वापरायची. ही फ्रेम ट्रायपॉड न हलवता घेतलेली असावी. दुसऱ्या झाडाची किंवा दुसऱ्या दिवसाची वापरली असेल तर तो कोलाज झाला. कोलाज करू नये असं नाही, पण तसं लिहावं.

किती फ्रेमवर थांबायचं हा ग्रुपमध्ये चर्चेला घेण्याजोगा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. ८० फ्रेम चढवल्या की झाडाचा आकार हरवतो, फांदी कुठली, पान कुठलं कळत नाही, नुसता पिवळा गोळा उरतो. माझ्या मते फांद्यांची ठेवण वाचता येते तोवरच फ्रेम चढवाव्यात. एकाच झाडाच्या दहा, तीस आणि साठ फ्रेमच्या तीन आवृत्त्या शेजारी-शेजारी टाकल्या, तर नुसत्या ‘वा वा’ ऐवजी खरी चर्चा होते. प्रत्यक्ष डोळ्यांना एका क्षणी जे दिसतं ते दहा फ्रेमच्या आवृत्तीच्या जास्त जवळ असतं, हेही पाहणाऱ्याला कळतं.

डार्क फ्रेमचं, म्हणजे लेन्सला टोपी लावून घेतलेल्या काळ्या फ्रेमचं, वेगळं सांगायला हवं. जूनच्या उकाड्यात वीस-तीस सेकंदांच्या लागोपाठ फ्रेम घेतल्या की सेन्सर तापतो आणि हॉट पिक्सेल (उजेड नसतानाही चमकणारे पिक्सेल) उगवतात: लाल, निळे आणि हिरवे. हिरवा हॉट पिक्सेल छोट्या आकारात थेट काजवा वाटतो. ओळखायची खूण अशी: शंभर टक्के मोठा करून पाहिलं तर तो एका पिक्सेलचा, टोकदार आणि कडेला मऊपणा नसलेला असतो, आणि प्रत्येक फ्रेममध्ये नेमका त्याच जागी असतो. काजवा दोन-चार पिक्सेलवर पसरतो, कडेला विरतो, उडत असेल तर छोटी रेघ उमटते. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन इथे बंदच ठेवायचं, कारण प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून राहतो आणि अर्धे काजवे हातचे जातात. त्याऐवजी शेवटी लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगवर एक-दोन फ्रेम घ्यायच्या आणि त्या वजा करायच्या.

आकाशही बरंच काही बोलतं. २४ मिमीवर तारे ठिपक्यासारखे राहायला २० सेकंदांच्या आसपासची मर्यादा आहे (५०० ला फोकल लेंग्थने भागायचं, ढोबळ हिशोब). पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे १५ मिनिटांच्या स्टॅकमध्ये ध्रुवताऱ्यापासून लांबच्या ताऱ्याची चार अंशांच्या जवळपास रेघ उमटायला हवी. २४ मिमीच्या फ्रेममध्ये ती रुंदीच्या साधारण विसाव्या भागाइतकी भरते. झाडावर हजारो काजवे आणि वर तारे मात्र टाचणीच्या टोकाएवढे, तर आकाश वेगळ्या फ्रेमचं आहे. त्यात गैर काही नाही. ‘सिंगल शॉट’ असं लिहिलं असेल तर मात्र विचारायलाच हवं.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात: नाइट मोड अनेक फ्रेम मिसळून सरासरी काढतो, त्यात क्षणभर चमकलेला काजवा फिका पडतो. प्रो मोडमध्ये १० ते ३० सेकंदांच्या सुट्या फ्रेम घेऊन वरच्याच पद्धतीने स्टॅक केल्या तर बरं निघतं.

‘झाडावर प्रकाश टाकला नाही’ हे वाक्य कोणी शोभेचं समजू नये. लुकलुकाट हा काजव्यांचा मीलनाचा संदेश आहे. नर चमकतो, बसलेली मादी उत्तर देते, आणि टॉर्च, फ्लॅश, गाडीचे हेडलाइट यांच्या झोतात ही बोलणी बुडतात. प्रौढ काजव्याचं आयुष्य मोजक्या आठवड्यांचं, त्यात पावसाने जोर धरला की हंगाम आटोपतो. त्यामुळे बुंध्यावर टॉर्च फिरवून ‘लाइट पेंटिंग’ केलेला फोटो दिसला, तर रचना कितीही देखणी असो, आधी त्याबद्दल बोलावं. बरणीत कोंडलेल्या काजव्यांच्या फोटोला तर दादच देऊ नये. कॅमेऱ्याचा फोकस-सहाय्यक दिवा बंद, स्क्रीनचा उजेड सगळ्यांत कमी, कार्डाचा लुकलुकणारा दिवा काळ्या टेपने झाकलेला, आणि चालायला लागलाच तर मंद लाल टॉर्च, तीही पायाजवळ. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन विभाग वेळेचे आणि गाड्यांचे नियम लावतो, निघण्याआधी त्यांची चौकशी करावी.

आता फाइल. काजव्यांचा फोटो पाठवताना जितका बिघडतो तितका दुसरा कुठलाच बिघडत नाही. ६००० पिक्सेल रुंद फाइलमध्ये काजवा दोन-तीन पिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की रुंदी १६०० च्या आसपास येते, म्हणजे तोच काजवा एका पिक्सेलहून लहान होतो आणि आजूबाजूच्या काळोखात मिसळून जातो. वर कॉम्प्रेशनमुळे निळ्या आकाशात पट्टे पडतात. म्हणून स्वतःच लांब बाजू २०४८ पिक्सेल करावी, कलर स्पेस एसआरजीबी, जेपेग क्वालिटी ८५ ते ९०, आकार लहान केल्यानंतर हलकं शार्पनिंग, आणि आकाशावर किंचित ग्रेन टाकावा म्हणजे पट्टे मोडतात. मग ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. सोबत फोकस आणि नॉईज तपासण्यासाठी शंभर टक्क्यांचा १००० बाय १००० पिक्सेलचा एक तुकडा जोडावा. त्या एका तुकड्यावर अर्धे वाद मिटतात.

डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलसोबत एक्झिफही (फोटोत साठवलेली सेटिंगची माहिती) जातं, आणि मोबाइलने काढला असेल तर त्यात जीपीएसही असू शकतं. एक्सपोर्ट करताना लोकेशन काढून टाकावं. गाव आणि तालुका सांगणं पुरेसं आहे. नेमक्या झाडाचा ठावठिकाणा फिरायला लागला की पुढच्या शनिवारी त्याच्याखाली गाड्या उभ्या राहतात.

प्रतिक्रिया देणाऱ्यानेही थोडे कष्ट घ्यावेत. फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहिलं तर प्रत्येक काळोखात नॉईज दिसतो, अगदी कमी ठेवला तर सगळंच बुडालेलं वाटतं. मधल्या ब्राइटनेसवर, अंधाऱ्या खोलीत, शक्य असेल तर लॅपटॉपवर पाहावं आणि मगच लिहावं. शेरा मारण्यापेक्षा जागा दाखवावी. ‘नॉईज फार आहे’ यावरून फोटो काढणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘डावीकडच्या खालच्या फांदीखाली तीन हिरवे ठिपके एकेका पिक्सेलचे आणि टोकदार आहेत, हॉट पिक्सेल असावेत. डार्क फ्रेम घेतली होतीस का? उजव्या कोपऱ्यातलं केशरी आकाश गावातल्या दिव्यांचं वाटतं. कॅमेरा थोडा डावीकडे वळवला असता तर ते बाहेर गेलं असतं.’ यातलं प्रत्येक वाक्य पुढच्या खेपेला कामाला येतं.

स्पर्धेला पाठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पीएसए, एफआयएपी आणि आरपीएस या छायाचित्रण संस्थांनी मान्य केलेल्या निसर्ग विभागाच्या व्याख्येत एचडीआर (वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम मिसळणं) आणि फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम मिसळणं) चालतं. पंधरा मिनिटांचा काजव्यांचा स्टॅक यात कुठे बसतो हे आयोजकांना लेखी विचारून घ्यावं, आणि निकाल लागेपर्यंत ४२ च्या ४२ रॉ फाइली, डार्क फ्रेमसकट, जपून ठेवाव्यात. अंतिम फेरीत त्या मागितल्या जाऊ शकतात.