एका गोष्टीला एकच नाव: चित्रसंग्रहाचे टॅग ठरवताना आलेला माझा अनुभव

आमच्या ऑनलाइन चित्रसंग्रहाच्या टॅगचं, म्हणजे चित्र शोधता यावं म्हणून त्याला जोडलेल्या शब्दांचं, काम माझ्याकडे आलं तेव्हा चित्रं चढवणारे हात बरेच होते आणि नावं देण्याचा नियम एकही नव्हता. ज्याला जे सुचलं ते त्याने लिहिलेलं. मी आधी सगळे टॅग एका स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेतले आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याखालच्या चित्रांचा आकडा ठेवला. यादी अकारविल्हे लावली आणि दुखणं समोर आलं. पूल, पुल, ब्रिज, जुना पूल, पूल-जुना, नदीवरचा पूल, नदीवरील पूल. यांतल्या एका टॅगवर क्लिक करणाऱ्याला बाकी सहांखालची चित्रं दिसतच नव्हती. कुणीतरी वर्षानुवर्षं जपलेलं, मग मेहनतीने स्कॅन केलेलं चित्र संग्रहात असूनही हाती लागू नये, तेही केवळ नावापायी, हे मला फार लागलं.

तरी मी लगेच नावं बदलायला घेतली नाहीत. आधी शोधखिडकीची नोंदवही मागवली, म्हणजे लोक नेमकं काय टाइप करतात आणि कुठे रिकाम्या हाताने परत जातात त्याची यादी. नावं ठरवताना सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला. आम्ही आत बसून 'दीपगृह' बरोबर की 'दीपस्तंभ' यावर वाद घालत होतो. लोक ते दोन्ही टाकत होते आणि शिवाय 'लाइटहाउस'ही टाकत होते. मग वादाचं कारणच उरलं नाही. 'दीपगृह' हे मुख्य नाव ठेवलं आणि बाकी दोन्ही त्याची पर्यायी नावं म्हणून जोडली. कुठलंही टाका, पोचाल एकाच पानावर. यानंतर प्रत्येक टॅगला मुख्य नाव एक आणि पर्यायी नावं लागतील तितकी, ही आमची रीत झाली.

खरी गुंतागुंत निघाली ती 'पोस्टर' या टॅगमध्ये. त्याखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र पडल्या होत्या: पोस्टरचं स्कॅन, आणि ज्या फोटोत मागच्या भिंतीवर पोस्टर चिकटवलेलं दिसतं असे फोटो. पोस्टरच्या मांडणीचा अभ्यास करणाऱ्याला रस्त्याचे फोटो नको असतात आणि रस्ता शोधणाऱ्याला स्कॅन नको असतात. 'नकाशा'चं तेच, 'पोस्टकार्ड'चंही तेच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची चित्रांसाठी एक शब्दसूची आहे, 'थिसॉरस फॉर ग्राफिक मटेरियल्स'. तिचे पूर्वी दोन स्वतंत्र भाग होते: एक चित्रात काय दिसतं त्याच्या शब्दांचा, दुसरा चित्र स्वतः कोणत्या प्रकारचं आहे त्याच्या शब्दांचा. हे वाचलं आणि आमचा गुंता सुटला. आम्ही 'प्रकार' नावाचा वेगळा रकाना केला आणि छायाचित्र, रेखाचित्र, नकाशा, पोस्टर, पोस्टकार्ड ही नावं तिकडे हलवली. मग तीच कात्री पुढे चालवली: स्थळ वेगळं, काळ वेगळा, व्यक्ती वेगळ्या. विषयाचे असे पैलू पाडून पाहण्याची रीत भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ च्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात ग्रंथालयांना घालून दिलीच होती. आमच्यासारख्या छोट्या संग्रहालाही ती तितकीच उपयोगी पडते. 'पूल-जुना' किंवा 'नदीवरील पूल' असे जोडटॅग मग लागतच नाहीत. 'पूल' एक टॅग, 'नदी' दुसरा, काळ त्याच्या रकान्यात. शोधणारा दोन्ही निवडतो आणि हवं ते मिळवतो.

एकवचन की अनेकवचन हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. इंग्रजी शब्दसूच्यांत मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी अनेकवचन वापरायचा प्रघात आहे. मराठीत तो मला पटला नाही. आपल्याकडे अनेकवचन करताना शब्दाचं अंगच बदलतं: फूल, फुले, घोडा, घोडे, नदी, नद्या. त्यात कुणी 'फुले' लिहितो, कुणी 'फुलं'. एकवचनाला असे फाटे कमी फुटतात, म्हणून टॅग एकवचनातच ठेवायचे असं ठरलं. ऱ्हस्व-दीर्घासाठी मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम प्रमाण मानले. 'पुल' हे रूप आम्ही काढून टाकलं नाही, 'पूल'चं पर्यायी नाव म्हणून ठेवलं, कारण लोक तसं टाइप करतात आणि त्यांना ऱ्हस्व-दीर्घासाठी अडवून धरायचं हे काही संग्रहाचं काम नाही.

पण एक गोष्ट डोळ्यांना दिसतच नव्हती. यादीत 'पायऱ्या' हा टॅग दोनदा होता. अक्षर न् अक्षर सारखं, तरी दोघांखाली वेगवेगळी चित्रं. मागेपुढे जागा सुटली असेल म्हणून तपासलं, तसं काही नव्हतं. शेवटी दोन्ही शब्दांची एकेक चिन्हं सुटी करून पाहिली तेव्हा उलगडा झाला. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं, त्यापुढे हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि त्यानंतर य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब 'ऱ्या', संगणकाच्या लेखी मात्र दोन परके शब्द. वेगवेगळ्या कळफलकांनी ही करामत केली होती. 'ॲ'चीही हीच गत. हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठराविक क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र जोडून भागवत, आणि काही कळफलक अजूनही तेच करतात. त्यामुळे 'ॲल्बम' हा टॅगही दोन रूपांत बसला होता.

युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठराविक रूपात आणण्याची प्रक्रिया, चालवलं की हे आपोआप जुळेल, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. या दोन जोड्यांपुरता तो लागू पडत नाही, कारण युनिकोड त्यांना समरूप मानतच नाही. आमच्या तंत्रज्ञ सहकाऱ्याने म्हणून दोन ओळींचा वेगळा नियम लिहिला: टॅग जतन होण्याआधी र, हलन्त, जॉइनर, य हा क्रम आला तर तिथे ऱ, हलन्त, य घाला, अ आणि चंद्र असा क्रम आला तर ॲ घाला. शोधखिडकीत आलेल्या शब्दालाही तीच चाळणी लावली. देवनागरीत संग्रह चालवणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी हे करावं असं मी कळकळीने सांगेन, कारण नुसत्या नजरेने यादी कितीही तपासली तरी हा दोष सापडत नाही.

एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तिथे कंस वापरला: पान (झाड), पान (पुस्तक). 'तार' वाद्याचीही असते आणि विजेचीही, तिथेही तेच केलं. कंसात शक्यतो एकच शब्द. नावात स्वल्पविराम मात्र सक्त मना, कारण टॅगची यादी एका जागेहून दुसरीकडे नेताना बरीच सॉफ्टवेअर स्वल्पविरामावरच नावं तोडतात.

विशेषणांना मी कडक विरोध केला. 'सुंदर', 'अप्रतिम' यांनी काहीच शोधता येत नाही. 'जुना' आणि 'आधुनिक' तर फसवेच. ज्या दिवशी लावले त्या दिवसापुरते ते खरे असतात, आणि संग्रह त्या दिवसानंतरही टिकावा अशीच आपली इच्छा असते. त्यांच्या जागी दशक आलं: १९५० चं दशक, १९६० चं दशक. साल पक्कं माहीत नसेल तर 'अंदाजे' असा शेरा, पण काळाच्याच रकान्यात. 'इतर' हा टॅग मी पुसून टाकला. त्याखाली गेलेलं चित्र पुन्हा कुणी शोधत नाही.

माणसांच्या बाबतीत आम्ही सगळ्यात जास्त वेळ घेतला आणि तो घ्यायलाच हवा होता. 'गरीब बाई', 'दुःखी मूल', 'मजूर' असे टॅग नुसता चेहरा किंवा कपडे बघून लावलेले होते. फोटोतली व्यक्ती कोण, तिच्या मनात त्या क्षणी काय होतं, तिची परिस्थिती काय, हे टॅग लावणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. असे टॅग काढले. हातात फावडं दिसतं तर 'फावडं', खोदकाम चाललेलं दिसतं तर 'खोदकाम', एवढंच आपण खात्रीने म्हणू शकतो. जुन्या चित्रांच्या मूळ मथळ्यांत काही समाजांसाठी अपमानकारक शब्द आहेत. तो मथळा म्हणजे दस्तऐवज आहे, तो 'मूळ मथळा' या रकान्यात जसाच्या तसा ठेवला. टॅगमध्ये मात्र तो समाज स्वतःला ज्या नावाने ओळखतो तेच नाव घातलं. आपल्याच माणसांचा फोटो बघायला आलेल्याला वर शिवी वाचावी लागू नये.

नाव ठरलं तरी ते कधी लावायचं हे ठरत नाही, आणि माझ्या मते अर्धी विसंगती तिथेच जन्म घेते. 'पूर' या टॅगवरून आमची बैठक चांगलीच लांबली. माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाई म्हणाल्या, "अहो, रस्त्यावर घोटाभर पाणी आहे, याला पूर कसा म्हणायचा?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, मग कुठपासून म्हणायचं?" त्यांनी जे उत्तर दिलं तेच आम्ही टॅगखाली टीप म्हणून लिहिलं: "नदी, ओढा किंवा तलाव पात्राबाहेर आल्याचं चित्रात दिसत असेल किंवा मथळ्यात नोंदलेलं असेल तेव्हाच वापरावा. पावसाचं पाणी नुसतं तुंबलं असेल तर 'साचलेले पाणी' हा टॅग वापरावा." दोन वाक्यं, पण त्यानंतर या टॅगवर पुन्हा वाद झाला नाही. ज्या टॅगबद्दल दोघांची मतं वेगळी पडतात त्याला टीप हवीच. 'झाड'सारख्याला लागत नाही. दूरवर ठिपक्याएवढा घोडा दिसतो, त्याला टॅग लावायचा का? यासाठी एकच कसोटी ठेवली: घोडा शोधत आलेल्या माणसाच्या हे चित्र उपयोगी पडेल का? नसेल तर नाही.

'झुलता पूल' लावला तर 'पूल'ही लावायचा का, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. टॅगची उतरंड ('पूल'च्या पोटात 'झुलता पूल') सांभाळता येत असेल तर फक्त नेमका टॅग लावावा, वरचा आपसूक येतो. आमच्याकडे ती सोय आहे. नसेल तिथे दोन्ही लावावेत.

नावं एकत्र करण्याचं काम पूर्ण बॅकअप घेऊनच सुरू केलं. जुनं नाव कुठेही नष्ट केलं नाही. ते पर्यायी नाव झालं आणि त्याचा जुना दुवा नव्या पानाकडे वळवला, म्हणजे कुणी लेखात दिलेला दुवा तुटत नाही. प्रत्येक टॅगला एक क्रमांकही दिला. अमेरिकेतल्या गेटी संस्थेच्या 'आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस' या कला-वास्तुकलेच्या शब्दसूचीमध्ये प्रत्येक संकल्पनेला असा क्रमांक असतो, तिची नावं कितीही भाषांत असोत. क्रमांक पक्का असला की पुढे नाव बदलावं लागलं तरी चित्रांना हात लावावा लागत नाही.

एवढं करूनही काही जुने टॅग पुन्हा उगवायला लागले. शोध घेतला तेव्हा कळलं की ते फोटोच्या फाइलीतच बसलेले आहेत. फोटो हाताळणारी सॉफ्टवेअर आयपीटीसी या फोटोची माहिती नोंदवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने शब्द फाइलमध्येच लिहून ठेवतात. आपण संकेतस्थळावर नाव बदललं तरी फाइलमधलं तसंच राहतं आणि ती फाइल पुन्हा चढवली की जुनं नाव परत येतं. म्हणून आता आत येणारा प्रत्येक शब्द आधी पर्यायी नावांच्या यादीतून जातो. याच तपासणीत आणखी एक गोष्ट कळली. आयपीटीसीच्या जुन्या रचनेत एका शब्दाला ६४ बाइटचीच जागा आहे. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. 'समुद्रकिनाऱ्यावरील दीपगृह' तिथे कापलं गेलं की उरतं 'समुद्रकिनाऱ्यावरील दीप'. फाइलमध्ये माहिती लिहिण्याच्या त्यानंतरच्या एक्सएमपी रचनेत ही अडचण नाही, पण जुनी सॉफ्टवेअर अजून वापरात आहेत. टॅग आखूड ठेवायला हे एक कारण पुरेसं आहे.

बघणाऱ्यांनाही टॅग सुचवता यावेत असं मला पहिल्यापासून वाटत होतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपले काही फोटो फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर ठेवले तेव्हा लोकांनी टॅग तर लावलेच, शिवाय फोटोंतली ठिकाणं आणि माणसंही ओळखून दिली. आमच्याकडे लोकांच्या सूचना वेगळ्या खणात जमा होतात, थेट टॅग होत नाहीत. आठवड्यातून एकदा मी त्या आणि रिकाम्या हाताने परतलेले शोध शेजारी शेजारी ठेवून वाचते. बहुतेक शब्द कुठल्यातरी टॅगचं पर्यायी नाव म्हणून बसतात. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही त्यांच्यासाठीच नवा टॅग निघतो, आणि तो काढणाऱ्याने टीप लिहून किमान तीन चित्रं दाखवायची. सध्या या खणात 'प्रतिबिंब' आहे. पाण्यातलं आणि आरशातलं एकाच टॅगखाली ठेवायचं की वेगळं, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलंय.