बेडोक जेट्टीवरची गरवण: साबिकी, कर्ली आणि तंगुसाची बाटली

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट पार्कातली बेडोक जेट्टी सुमारे 250 मीटर समुद्रात शिरते. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, परवानगी असलेल्या इथल्या मोजक्या जागांपैकी ही एक, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी कठड्याला दांड्याच दांड्या. सध्या माझं बसणं भरती बघूनच. पाणी चढायला लागलं की मासा लागतो, ठेपलं की गप्पा मारा.

सुरुवात साबिकीने. म्हणजे एका दोरीवर पाच-सहा बारीक गऱ्या (गळाचे आकडे), खाली शिसं, आमिष नाही. नुसतं खालीवर हलवत राहायचं. तांबान, म्हणजे आपल्या तारलीचं भावंड, थव्याने आली तर एकदम तीन-चार लटकतात. त्यातली एक जिवंत मोठ्या गरीला. वरच्या पाण्यात परांग फिरते. परांग म्हणजे आपली कर्लीच! तिचे दात तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, सरळ कापतात, म्हणून आता शेवटी वीतभर तार लावतो. तेव्हापासून गऱ्या जाणं कमी झालं आणि एक कर्ली घरीही आली. काटे काढता काढता भात गार झाला, ती गोष्ट वेगळी.

आता कचऱ्याचं. बाटल्या, पिशव्या सफाई कामगार उचलतात. कठड्याच्या पायाशी गुंडाळलेला, फटीत अडकलेला तंगूस त्यांना दिसतच नाही, आणि टोकाला कुणाची तरी गरी. तो आपणच टाकलेला. इथे कचरा टाकल्यास पहिल्या गुन्ह्याला 2,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे. चारचौघांत भडक जाकीट घालून कचरा वेचायची शिक्षाही होते. त्या धाकाने सिगरेटचं थोटूक डब्यात जातं. तंगूस मात्र ‘वाऱ्याने उडाला’.

म्हणून रुंद तोंडाची बाटली नेतो. झाकणाला अधिक चिन्हासारखी चीर दिलीय: तंगूस बोटाने आत ढकलला की बाहेर येत नाही. गऱ्या वेगळ्या, गोळ्यांच्या जुन्या डबीत. घरी तंगूस वीत-वीत कापूनच कचऱ्यात. लांब गुंता पक्ष्याच्या पायात फास होतो. उरलेली तांबानही जेट्टीवर वाळत टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे उभं राहवत नाही.

शेजारी बसणारे मलय काका आधी हसले. आता त्यांच्याकडे माइलोचा डबा आहे, चीर माझ्यापेक्षा सुबक.

पुढच्या भरतीला गरीचा उलटा काटा पकडीने दाबून बघणार आहे. शिंगाळा किंवा पाखट लागलं तर सोडवणं सोपं जाईल. कर्ली किती निसटतात, ते पुढच्या नोंदीत.